ब्रेलच्या पट्टीवरचं कुंकू

ठाण्यात विद्यापीठाचा एक विभाग आहे, त्याच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी लॅब असिस्टंट आहे. विभागाचं नाव सांगत नाही, सांगून काही उपयोगही नाही. शिकवणारे शिकवतात, शिकणारे शिकतात आणि मधल्या मधे जे बंद पडतं ते माझं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. गुडघे माझ्या आधीच निवृत्त झाले आणि लॅब दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण तिच्यावर 'दुरुस्तीचे काम सुरू' अशी पाटी लागली त्यालाही बरेच दिवस झाले. कोपर स्टेशनहून निघून ते दोन जिने चढेपर्यंत माझा निम्मा दिवस संपलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी एक तपासणी समिती येणार होती. समिती येणार म्हटलं की आमच्याकडे भिंती रंगतात, कुंड्या येतात, आणि त्या वर्षी एक कोपराही आला. लॅबच्या मागच्या बाजूला एक नवं टेबल, नवा कॉम्प्युटर, भिंतीवर 'दिव्यांग विद्यार्थी सुविधा कक्ष' अशी निळी पाटी. कॉम्प्युटरमध्ये स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारा प्रोग्राम. आणि कीबोर्डच्या खाली ठेवायची एक लांबट काळी पट्टी, ब्रेल डिस्प्ले. तिच्यावर बारीक बारीक भोकांची एक ओळ असते. पडद्यावर जे अक्षर असेल त्याचे ठिपके त्या भोकांतून सुईच्या टोकाएवढे वर येतात, अक्षर बदललं की खाली जातात. आंधळ्या माणसानं बोट फिरवलं की वाचून होतं. समितीनं कौतुक केलं, फोटो काढले, चहा घेतला आणि समिती गेली. विभागप्रमुख मला म्हणाले की वस्तू नाजूक आहे, झाकून ठेवा. मी जाड प्लॅस्टिकचं कव्हर घातलं, दोरी बांधली. पुढची दोन वर्षं तिकडे कुणी फिरकलं नाही.

मग या वर्षी कॉलेज सुरू झालं आणि एक मुलगी आली. कोलशेतच्या कोळीवाड्यातली. सहावीत असताना कसल्याशा तापात तिची दृष्टी गेली. त्यानंतर ब्रेल शिकून, शाळा, मग कॉलेज करत ती आमच्या विभागात कॉम्प्युटरच्या पदव्युत्तर वर्गापर्यंत पोचली होती. पहिल्या दिवशी आई बरोबर होती. आईच्या हातात मासळी बाजाराची पिशवी तशीच होती. तिनं लॅबच्या दारातच चपला काढल्या, मी नको म्हणेपर्यंत काढूनही झाल्या.

"बाय, मना यातला काय कलत नाय," ती म्हणाली. "पोर सांगेल तसा करा."

खरं सांगते, मला आनंद झाला नाही. मला कामाचा ढीग दिसला. आमच्या लॅबचे कॉम्प्युटर फ्रीझ केलेले असतात, म्हणजे बंद करून चालू केले की आदल्या दिवशी त्यांच्यात जे काही बदललं ते पुसून जातं. पोरं नको ते गेम टाकतात म्हणून मीच हट्टानं करून घेतलेली सोय. पोरं व्हिडिओ बघतात म्हणून आवाजही मीच बंद करून घेतला होता, सगळ्या मशीनचा. तर आता बोलणारा प्रोग्राम होता आणि त्याला आवाज नव्हता. रोज सकाळी आवाज चालू करायचा, तिच्या सेटिंग्ज भरायच्या, संध्याकाळी मशीन बंद, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ते एक मशीन फ्रीझमधून काढा म्हणून विभागप्रमुखांच्या हाती वर अर्ज दिला, आवक नोंद न करता. अर्जाचं उत्तर आलं नाही. आठवडाभर मी तिच्यासमोर करवादले, भांडी आपटावीत तसे माऊस आपटले. ती शांतपणे बाजूला उभी राहायची. एक दिवस म्हणाली, "मॅडम, मला दाखवा ना कसं करायचं ते. मी करत जाईन, तुमचं टेन्शन जाईल." मी दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या आधी येऊन सगळं लावून बसलेली असायची, आणि मी उगाच ओशाळायची.

तिचा स्क्रीन रीडर इतक्या वेगानं बोलायचा की मला तो तेलात मोहरी तडतडावी तसा ऐकू यायचा. शब्द म्हणून काही नाहीच. तिला सगळं कळायचं. पण कोड लिहिताना कान पुरत नाही असं ती म्हणायची. कुठली ओळ किती आत सरकवली आहे, कंस कुठे बंद झाला, हे ऐकून डोक्यात धरून ठेवावं लागतं. बोटाखाली आलं की लगेच समजतं. म्हणून तिला ती पट्टी हवी होती. मी दोरी सोडली, कव्हर काढलं आणि तिनं पट्टीवर दोन्ही हातांची बोटं ठेवली. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत अलगद नेली, परत आणली. मग मला म्हणाली, "ही तर एकदम कोरी आहे. कोणी वापरलीच नाही?"

मी म्हटलं, तुझी वाट बघत होती. खोटंच होतं, पण ती हसली.

तिचं एकच मागणं होतं. सेमिस्टरची प्रॅक्टिकल परीक्षा तिला स्वतः द्यायची होती, लेखनिक न घेता. लेखनिक म्हणजे तिनं सांगायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं, नियमात बसणारी सोय. पदवीच्या शेवटच्या वर्षी तिला जी लेखनिक मिळाली ती आर्ट्सच्या पहिल्या वर्षाची पोर होती. नियमच तसा, लेखनिकाला विषय येता कामा नये. त्या पोरीनं आयुष्यात कोड पाहिला नव्हता. हिनं सांगितलेल्या ओळी तिनं एकाखाली एक सरळ लिहून काढल्या, कुठलीच ओळ आत न सरकवता, निबंध लिहावा तशा, आणि हिचा विषय राहिला. पुन्हा पेपर देऊन तो सोडवावा लागला. विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये ती हे सगळं न चिडता सांगत होती. साहेब मान हलवत होते. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना भानगड नको असते, आणि सोय घेतली की भानगड मिटते असा त्यांचा समज आहे. ते म्हणाले, अगं नियमानं मिळतंय तर घे ना, कशाला उगाच त्रास.

"सर, तो पेपर माझा नव्हता," ती म्हणाली. "नापास मात्र मी झाले."

साहेब थोडा वेळ पेन फिरवत बसले. मग म्हणाले, ठीक आहे, या वेळी दे. वाढीव वेळ नियमानं मिळेल तेवढाच. त्यात परीक्षेतले तिन्ही प्रोग्राम पूर्ण झाले तर पुढेही तसंच. नाही झाले तर पुढच्या सेमिस्टरपासून लेखनिक, आणि हा विषय पुन्हा माझ्याकडे आणायचा नाही. ती हो म्हणाली. केबिनबाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला, तो घट्ट धरला होता. मला त्या क्षणी तिच्याबद्दल जे वाटलं ते मला माझ्या स्वतःच्या मुलाबद्दलही फार वेळा वाटलेलं नाही.

परीक्षा दसऱ्यानंतर आठवड्यानं होती. महिनाभर ती रोज सरावाला बसायची. शेवटी शेवटी तिन्ही प्रोग्राम वेळेच्या आधी व्हायला लागले. मी घड्याळ लावायची आणि स्वतःच घाबरायची. डबा खाताना ती मला पट्टीवरची अक्षरं शिकवायची. मला दोन-तीनच आली, बोटांना सवयच नाही. माझी बोटं जाडी झाली आहेत असं तिनं सांगितलं, तेही अगदी निरागसपणे.

आमच्याकडे खंडेनवमीला लॅबची पूजा होते. शस्त्रांची पूजा असते ना, आमची शस्त्रं ही. सर्व्हरला झेंडूचा हार, प्रत्येक कीबोर्डवर फूल, मॉनिटरच्या कडेला हळदकुंकू, पेढे. मी नोकरीला लागले तेव्हापासून ही पूजा मीच करते. आदल्या दोन वर्षी त्या कोपऱ्यातल्या मशीनचीही केली होती, कव्हरवरूनच. कुंकू प्लॅस्टिकला लागलं, पुसलं, झालं.

या वर्षी कव्हर नव्हतं. आणि या वर्षी मला त्या मशीनची पूजा मनापासून करायची होती, ही चूक. दोन वर्षं नुसती पडून राहिलेली वस्तू अखेर कुणाच्या तरी हाताखाली आली, म्हणून मला भरून आलं होतं. सगळ्यांना कोरडं कुंकू लावलं आणि या पट्टीसाठी वाटीत पाणी घालून कालवलं. उजव्या टोकाला बटणं होती, म्हणून डाव्या टोकाला, बरोबर त्या भोकांच्या ओळीवर, अनामिकेनं छान ओलं स्वस्तिक काढलं. वर चार अक्षता चिकटवल्या. दिवसभर मशीनला हात लावायचा नाही हा आमचा रिवाज. दुसऱ्या दिवशी दसरा, मग रविवार. स्वस्तिक तीन दिवस निवांत वाळलं.

सोमवारी मी पोचले तेव्हा ती पट्टीसमोर बसली होती. हेडफोन गळ्यात होते, कानाला नव्हते. तिनं डाव्या टोकावर बोट फिरवलं, परत फिरवलं.

"मॅडम, इथं काहीतरी सांडलंय का? डावीकडचे ठिपके वरच येत नाहीत."

मी वाकून पाहिलं. तिच्या बोटांची टोकं लाल झाली होती. भोकांमध्ये कुंकू दगडासारखं बसलं होतं. कुठे अर्धा ठिपका वर अडकलेला, कुठे भोक पूर्ण बुजलेलं. सुरुवातीची जवळजवळ दहा अक्षरं मेलेली, आणि ओळ किती आत आहे ते कळतं नेमकं तिथंच. माझ्या तोंडून निघालं, "धूळ असेल गं. बंद होती ना लॅब."

का बोलले असं? हुद्दा, मेमो, दोन वर्षांवर आलेली निवृत्ती, हे सगळं नंतर सुचलं. त्या क्षणी फक्त लाज होती. इतकी वर्षं पोरांना 'मशीनजवळ पाण्याची बाटली नेऊ नका' म्हणून ओरडणारी मी, आणि वाटीत कुंकू कालवून ओतणारीही मीच. तिला मी हात धुवून यायला सांगितलं. ती गेली आणि मी स्पिरिटचा बोळा, कान साफ करायच्या काड्या, टाचणी, सगळं करून पाहिलं. टाचणीनं एक ठिपका कायमचा आत गेला. कंपनीच्या माणसाला फोन केला, तर तो म्हणाला, वस्तू पाठवून द्या, तीन-चार आठवडे लागतील, आणि टाचणी अजिबात घालू नका.

साहेबांना मी सांगितलं की पट्टी जरा त्रास देतेय, जुनी झाली असेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, ते काही विचारायच्या आतच मी तीन कारणं दिली होती. त्यांनी एकही ऐकलं नाही. म्हणाले, मग सांगा तिला लेखनिक घ्यायला. तिनं नाही म्हटलं. स्क्रीन रीडरमध्ये ओळ किती आत आहे ते बोलून सांगायची एक सोय असते, ती तिनं चालू केली आणि नव्यानं सवय करायला बसली. प्रत्येक ओळीआधी मशीन आकडा सांगायचं, मग ओळ. तिचा वेग निम्म्यावर आला. चार दिवस होते. त्या चार दिवसांत तिनं मला एकदाही पट्टीबद्दल विचारलं नाही.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक बाई आल्या होत्या. मी लॅबच्या दुसऱ्या टोकाला प्रिंटरपाशी उभी होते. मुलीचा उजवा हात कीबोर्डवर होता आणि डाव्या हाताची बोटं सवयीनं पट्टीच्या डाव्या टोकाशी जायची, तिथं काही न सापडून परत यायची. पुन्हा जायची. महिनाभराची सवय चार दिवसांत कशी जाणार? सगळा वेळ मी त्या बोटांकडेच बघत होते. वाढीव वेळ संपला तेव्हा दोन प्रोग्राम पूर्ण चालले होते, तिसरा अर्ध्यावर होता. परीक्षक बाई चांगलं बोलल्या, दोन प्रोग्राम उत्तम आहेत, पास होशील म्हणाल्या. साहेबही चांगलंच बोलले.

"प्रयत्न केलास, शाबास. आता ठरल्याप्रमाणे," ते म्हणाले, आणि लेखनिक घेण्याच्या संमतीचा छापील कागद त्यांनी माझ्याकडे दिला. शिपाई सवयीनं अंगठ्याचं शाईचं पॅड घेऊन आला होता. तिनं सांगितलं की ती सही करते. मग सही कुठे करायची ते दाखवायला मीच तिचं बोट धरून त्या रेषेवर ठेवलं. तिथं बोलायला हवं होतं. साहेब होते, परीक्षक बाई होत्या, कागदावर अजून सही नव्हती. तिनं एक क्षण पेन थांबवलं आणि मान माझ्या बाजूला वळवली. मी म्हटलं, "हं, इथंच." तिनं सही केली.

आई खाली फाटकाशी थांबली होती. मी मुलीला जिन्यावरून खाली न्यायला निघाले, खरं तर तीच मला नेत होती, मला उतरताना जास्त दुखतं. मधल्या वळणावर ती थांबली.

"मॅडम, सोमवारी आईनं माझी बोटं बघितली, धुऊनही नखांत लाल राहिलं होतं. म्हणाली, कुंकू कुठून लागलं?"

मी विचारलं, मग तू सरांना सांगितलं का नाहीस?

"मला वाटलं, तुम्ही सांगाल." तिच्या आवाजात राग नव्हता. "आज सही करेपर्यंत वाटत होतं."

आईनं खालून हाक मारली. ती कठडा धरून उतरून गेली.

मी परत वर गेले, पण साहेब निघून गेले होते. घरी येऊन एका कागदावर सगळं लिहिलं, स्वस्तिकासकट, टाचणीसकट, आणि शेवटी हेही, की परीक्षेत कमी पडली ती पट्टी, मुलगी नव्हे, तेव्हा संमती रद्द करावी. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि मला परत दिलं. म्हणाले, मॅडम, झालं ते झालं, दोन वर्षं राहिलीत तुमची, हे कशाला लिहून देता? त्यांना खरंच माझी काळजी होती, म्हणूनच मला जास्त कसंतरी झालं. मी कागदाची घडी घातली. खाली ऑफिसात गेले आणि आवक खिडकीवर तो कागद दिला. आवक रजिस्टरात एकदा नोंद होऊन शिक्का बसला की कागद कुणाला परत देता येत नाही, त्याला उत्तर द्यावंच लागतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं एक शहाणपण मला आलं आहे. खिडकीवरच्या बाईंनी दोनदा विचारलं, नक्की ना?

मेमो आला. निष्काळजीपणा असा शब्द आहे त्यात, आणि तो बरोबर आहे. पट्टी दुरुस्तीला गेली. संमतीपत्र रद्द झालं, पुढच्या सेमिस्टरला तिला पुन्हा एकदा स्वतः परीक्षा देता येईल. वरातीमागून घोडं म्हणतात तसं, ते मशीन फ्रीझमधून काढायची मंजुरीही त्याच आठवड्यात आली. या सगळ्याचा मला आनंद व्हायला हवा. मी फक्त थकले आहे.

तिला मी लॅबमध्येच सांगितलं. बाकीची मुलं आपापल्या मशीनवर होती. मी दिलेल्या पत्राची प्रत माझ्या हातात होती. म्हटलं, बस, तुला वाचून दाखवते.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही टाइप करून द्या. मी वाचते."

मग तिच्याच खुर्चीत बसून, तिच्याच कीबोर्डवर, मी माझंच पत्र पहिल्यापासून टाइप केलं. दोन बोटांनी करते मी मराठी, अर्धा तास गेला. ती शेजारी उभी होती. झाल्यावर मी उठले आणि हेडफोन तिच्यापुढे धरले. तिनं घेतले नाहीत. तिनं स्पीकर चालू केला, मग दोन बटणं दाबून वाचायचा वेग कमी केला, कमी करत करत अगदी माझ्यासारख्या माणसाला शब्द न् शब्द कळेल इतका कमी केला, आणि पत्र पहिल्या ओळीपासून लावलं. मुलांनी माना वळवल्या. मी तिच्या खुर्चीच्या पाठीला धरून शेवटपर्यंत उभी राहिले.